कपाटातली नमुना प्रत

संशय घेणं हे माझं काम होतं आणि त्याचा मला दरमहा पगार मिळत असे. नव्वदच्या दशकात सिंगापूरला अॅन्सन रोडवरच्या एका इमारतीत, सातव्या मजल्यावर माझी दोन खोल्यांची कचेरी होती. दारावरच्या पाटीवर कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचं नाव, त्याखाली 'जहाज नोंदणी खातं, प्रतिनिधी', आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात वसंत आठल्ये. लिफ्टमधून उतरलेले लोक पाटी वाचून आत डोकावायचे आणि तिकडे सुट्टीला जायचं तर व्हिसा लागतो का, असं विचारायचे. ते बेट मी स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं, म्हणून आधी सांगतो. गाडीला जशी आरटीओची पाटी लागते तसा जहाजाला कुठल्या ना कुठल्या देशाचा झेंडा लागतो. मालक ग्रीक, कॅप्टन फिलिपिनो, इंजिनात आपली कोकणातली मुलं, आणि मागच्या दांडीवर अशा बेटाचा झेंडा जिथे ते जहाज जन्मात जाणार नाही. पण झेंडा ज्याचा, कायदा त्याचा. जहाज बुडालं, आग लागली, कुणी खोट्या कागदांवर चोरीचा माल भरला, तर जगभर नाव त्या बेटाचं निघणार. बेटाची वस्ती आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. लंडनहून नेमलेला एक गव्हर्नर, मूठभर पोलीस, आणि न्यायाधीश तर दोन-तीन बेटांत मिळून एकच. त्यांनी अर्ध्या जगापलीकडच्या जहाजांवर नजर कशी ठेवायची? म्हणून माझ्यासारखे प्रतिनिधी.

सतरा वर्षं जहाजाच्या इंजिनात काढल्यावर मी किनाऱ्याला लागलो होतो, त्यामुळे जहाजावरचे लोक काय लपवतात आणि कुठे लपवतात हे मला पाठ होतं. क्लिफर्ड पिअरवरून लाँचने नांगरावरच्या जहाजाकडे जायचं, दोरीच्या शिडीने वर चढायचं, आणि वर हसून स्वागत करणाऱ्या माणसाच्या हसण्यावरून तपासणी कुठून सुरू करायची ते ठरवायचं. एका जहाजावर लाइफबोट अगदी नवीकोरी दिसत होती. खाली सोडा म्हटलं तर हलेना. रंगाचे इतके थर बसले होते की ती जहाजाला चिकटूनच गेली होती. दुसऱ्या एका कॅप्टनने मला जेवणाच्या टेबलावरून दोन तास उठूच दिलं नाही, आणि तेवढ्या वेळात शेजारच्या जहाजावरून उसनी आणलेली आग विझवायची नळकांडी त्याच्या इंजिनरूममध्ये टांगली गेली. खाली गेल्यावर पाहिलं तर त्यांवर शेजारच्या जहाजाचं नाव तसंच होतं.

हळूहळू हा स्वभावच झाला. यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुरुस्तीला आलेल्या माणसाचं ओळखपत्रही मी उलटसुलट करून पाहायचो. माझी मुलगी मेघा तेव्हा सेकंडरी शाळेत होती. ती सिंगापुरी ढंगात म्हणायची, "बाबा, यू सस्पेक्ट एव्हरीबडी, लाह!" बायको, नीला, म्हणायची, "एव्हरीबडी नाही गं. मराठी माणूस दिसला की तुझ्या बाबांचा चष्मा उतरतो." तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

बेटावरच्या खात्यात माणसं दोनच. नोंदणी अधिकारी मिसेस ग्रेटा फेंटन आणि त्यांचा कारकून आयझॅक. मी सकाळी कचेरी उघडली की रात्रीतून आलेले त्यांचे फॅक्स जमिनीवर लोळत असायचे. मिसेस फेंटन यांची भाषा इस्त्री केल्यासारखी. एक स्वल्पविराम वावगा चालायचा नाही. आयझॅकचे फॅक्स मात्र तळाशी हाताने लिहिलेल्या दोन ओळींवाचून कधी आले नाहीत. 'आमच्या संघाने काल मान टाकली. तुमचे फिरकीवाले इकडे पाठवता का?' असं काहीतरी. मीही उत्तरात तिखटमीठ लावायचो. तीन वर्षं आम्ही असे बोलत होतो. तो मिसेस फेंटन यांच्या वारलेल्या बहिणीचा मुलगा, त्यांनीच वाढवलेला, हे मला बरंच उशिरा कळलं. कळलं तेव्हा माझ्यातला संशयी माणूस कान टवकारून उठला. मावशी अधिकारी, भाचा कारकून!

मूळ प्रकरण सुरू झालं ते एका सकाळी, पूर्वेच्या नांगरवाड्यात उभ्या असलेल्या एका मालवाहू जहाजावर. तिथला सेकंड इंजिनियर होता दत्ताराम मयेकर, देवगडकडचा, तिशीतला. त्याचं इंजिनरूम पाहून मी खूश झालो होतो. तेलाचा थेंब नाही, प्रत्येक वाल्व्हला चिठ्ठी बांधलेली. मग नियमाप्रमाणे मी त्याचा दाखला मागितला. आमच्या बेटाच्या झेंड्याखाली अधिकारी म्हणून काम करायचं तर बेटाने दिलेला दाखला लागतो.

दाखला व्यवस्थित होता. जाड कागद, वर पेलिकन पक्ष्याचं चित्र, खाली मिसेस फेंटन यांची लांब शेपटीची सही. मी तो परत देणार एवढ्यात तारखेकडे लक्ष गेलं आणि हात थबकला. त्या वर्षी बेटाला वादळाचा तडाखा बसला होता आणि कचेरीच्या जिन्यावरून पडून मिसेस फेंटन यांचं उजवं मनगट मोडलं होतं. तीनचार महिने मला येणाऱ्या प्रत्येक कागदावर डाव्या हाताची, पहिलीतल्या मुलासारखी सही असायची. दाखल्यावरची तारीख नेमकी त्या महिन्यांतली. आणि सही उजव्या हाताची, झोकदार!

"मयेकर, हा दाखला कुठून आणलात?"

"परीक्षा दिलीय साहेब," तो म्हणाला. "गेलांगच्या एका हॉटेलात. समोर तिघे टाय लावून बसले होते. दोन तास विचारत होते. मी सगळ्याची उत्तरं दिली."

"हॉटेलात परीक्षा? आमचं खातं हॉटेलात परीक्षा घेत नाही."

"म्हणजे हा खोटा?"

"कोणी घेतली परीक्षा? नाव सांगा."

"नाव नाही माहीत. सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचे. मला एकदाच लांबून दिसले, पाठमोरे." मग हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, मी गावी सगळ्यांना पेढे वाटलेत हो."

तो खरं बोलतोय असं मला वाटत होतं. पण वाटण्यावर चालायचं नाही, हे मी स्वतःला इतकी वर्षं शिकवलं होतं. दाखला जप्त केला आणि कंपनीला कळवलं. आठवड्याच्या आत मयेकर देवगडला परत गेला. 'कॅप्टनसाहेब' हा काही धागा नव्हता. सिंगापुरात दगड मारला तर कॅप्टनला लागेल.

कचेरीत येऊन मी कपाट उघडलं. त्यात बेटाने पाठवलेली नमुना प्रत असे. खरा दाखला कसा दिसतो हे ताडून पाहण्यासाठी दिलेली, सहीशिक्क्यासकट. मी मयेकरचा दाखला तिच्याशेजारी ठेवला आणि भिंग घेऊन बसलो. कागद थोडा वेगळा वाटला, पण कागद बदलत असतात. छपाई मात्र अक्षर न् अक्षर तीच. रेषा न् रेषा तीच. मी निष्कर्ष काढला की कोरे छापील दाखले खरे आहेत, ते बेटावरच्या कपाटातून बाहेर येताहेत, आणि सही तेवढी खोटी मारली जातेय. त्या कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे. एक मिसेस फेंटन, दुसरा आयझॅक.

त्या रविवारी आम्ही दोन कुटुंबं पुलाउ उबीन या जवळच्या बेटावर सायकली चालवायला गेलो होतो. दुसरं कुटुंब कॅप्टन मोहन सबनीस यांचं. सबनीस माझा सिंगापुरातला सर्वांत जुना मित्र. जहाजांना खलाशी आणि अधिकारी पुरवण्याचा त्याचा धंदा होता. मी इथे नवीन असताना आम्हाला फ्लॅट मिळेपर्यंत दीड महिना त्याने आम्हाला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. बायका-मुलं पुढे गेली आणि आम्ही दोघं झाडाखाली शहाळं पीत बसलो. माझ्या मनात तोच विषय होता. मी त्याला सगळं सांगितलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वसंता, एवढा विचार कशाला करतोस? चिमूटभर बेट. सगळे एकमेकांचे मामे-मावस. भाच्याने कागद विकले, मावशीने डोळे मिटले. झालं!"

"मिसेस फेंटन तसल्या नाहीत."

"तू भेटलायस त्यांना?"

"नाही."

"मग? बाईंना लिहू नकोस, त्या झाकून टाकतील. थेट गव्हर्नरला लिही. गोपनीय."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर ते माझ्या मनात आधीच होतं, त्याने फक्त मोठ्याने म्हटलं. सोमवारी मी गव्हर्नरच्या कचेरीला दोन पानी गोपनीय पत्र लिहिलं. आयझॅकचं नाव घातलं. नातं घातलं. किल्ल्यांचा मुद्दा घातला. भाषा चांगली जमली होती, अजून आठवते.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. बेटावर गोपनीय असं काही नसतं. पोलिसांनी भरदुपारी आयझॅकच्या घराची झडती घेतली, त्याच्या बायकोची ट्रंक अंगणात उलटी केली, आणि शेजारी कुंपणाला टेकून पाहत राहिले. काहीच सापडलं नाही. तरीही चौकशी संपेपर्यंत त्याला कामावरून दूर केलं. त्या हुकमावर सही करायची होती खातेप्रमुखाने, म्हणजे मिसेस फेंटन यांनीच. त्यांनी केली. चर्चमध्ये आयझॅक ज्या बाकावर बसायचा तो बाक रिकामा राहू लागला. माझ्याकडचे फॅक्स आता फक्त इस्त्रीचे येत होते.

मला वाटलं होतं, भोक बुजलं. दोन महिन्यांनी एका टँकरवर मला तसलाच दाखला सापडला. मग आणखी दोन. तारखा नव्या, आयझॅक घरी बसल्यानंतरच्या. या वेळी मी ते मिसेस फेंटन यांनाच फॅक्सने पाठवले. दुसरं कोण होतं?

फॅक्सचं उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांनी कचेरीचं दार उघडून एक उंच, सावळ्या, साठीच्या बाई आत आल्या. डोक्यावर निळी टोपी, हातात चामडी बॅग.

"मिस्टर अथाले? मी ग्रेटा फेंटन. तुमचं कपाट उघडा."

बसा, चहा घ्या, काहीच नाही. तीन विमानं बदलून त्या हॉटेलात सामान टाकून सरळ आल्या होत्या. त्यांच्या नजरेत जे होतं ते मी चांगलं ओळखत होतो. शिडीने जहाजावर चढताना तीच नजर माझी असे. आता ती माझ्यावर रोखलेली होती.

मी नमुना प्रत काढून टेबलावर ठेवली. त्यांनी बॅगेतून एक खरा दाखला काढून तिच्याशेजारी ठेवला आणि त्याच्याशेजारी माझ्या कपाटातला मयेकरचा.

"पेलिकनच्या खालची ओळ वाचा. शेवटचा शब्द."

ती ओळ बारीक अक्षरात होती. बेटाचं ब्रीदवाक्य. शेवटचा शब्द 'हार्बर'. खऱ्या दाखल्यात ब्रिटिश पद्धतीने 'यू' होता. माझ्या नमुन्यात नव्हता. मयेकरच्या दाखल्यात नव्हता.

"पहिली छपाई मायामीतल्या छापखान्याने केली," त्या म्हणाल्या. "त्यांनी स्पेलिंग त्यांचं घातलं. आम्ही अमेरिकन नाही, मिस्टर अथाले. मी सगळा गठ्ठा परत पाठवला. त्या छपाईतला एकच कागद बेटाबाहेर गेला होता. हा. तो जाळून टाका असं मी तुम्हाला लिहिलं, सोबत नवा नमुना पाठवला."

"मला असं पत्र आलेलं नाही."

त्यांनी कपाटाचा खालचा खण ओढला, एकेक पाकीट बाजूला करत गेल्या आणि एक तपकिरी लिफाफा वर काढला. बेटाचं तिकीट, पेलिकनचा लाखेचा शिक्का. शिक्का अखंड होता. बेटाहून येणारं प्रत्येक पाकीट मी उघडतो, असं त्या क्षणापर्यंत मी शपथेवर सांगितलं असतं.

"आणखी एक," त्या म्हणाल्या. "माझं मनगट मोडलं होतं तेव्हा माझी पत्रं कोण टाइप करत होतं? कागद धरून माझ्या डाव्या हाताखाली कोण सरकवत होतं? माझ्या कोटाची बटणंसुद्धा आयझॅक लावायचा. त्या महिन्यांत माझी सही कशी होती हे तो विसरेल? तुम्ही ही चूक ओळखलीत, हुशार आहात. मग ती चूक कोण करूच शकत नाही, हे तुमच्या ध्यानात कसं आलं नाही?"

त्यांनी नमुना प्रत उचलून माझ्यासमोर धरली.

"ही प्रत तुमच्याशिवाय कोणाच्या हातात गेली होती?"

मी 'कोणाच्याच नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दीड वर्षापूर्वी एक दिवस सबनीस आला होता. म्हणाला होता, "आपल्या पोरांना एजंट लोक फसवतात रे. खरा दाखला कसा असतो ते एकदा त्यांना दाखवतो. संध्याकाळी परत आणून देतो." फसवणूक टाळण्यासाठीच न्यायची म्हणतोय, म्हणून मीच ती प्रत पाकिटात घालून त्याच्या हातात दिली होती. संध्याकाळी त्याने ती परत आणली, सोबत मेघासाठी चॉकलेट.

मिसेस फेंटन यांना मी ते सांगितलं. सांगताना 'कॅप्टनसाहेब' हा शब्द डोक्यात वाजत होता. त्यांनी फक्त विचारलं, "पोलीस ठाणं किती लांब आहे?"

मी म्हटलं, आधी मला त्याच्याशी बोलू द्या. त्या नाही म्हणाल्या. "माझ्या भाच्याशी आधी कोणी बोललं नव्हतं." आम्ही ठाण्यावर गेलो.

सबनीसच्या कचेरीवर छापा पडला तेव्हा ओळख पटवायला मला नेलं होतं. आतल्या खोलीत कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा, रबरी शिक्के आणि सरावासाठी केलेल्या सह्यांनी भरलेले कागद निघाले. सबनीस खुर्चीत बसला होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "वसंता, मी तुझ्या कपाटाचं कुलूप फोडलं नव्हतं." एवढंच. पुढे खटल्यात मला तेच शपथेवर सांगावं लागलं. प्रत मी स्वतःच्या हाताने दिली. त्याला शिक्षा झाली. त्याची बायको नीलाशी पुन्हा कधी बोलली नाही, आणि त्यांच्या घरी काढलेला दीड महिना आठवला की नीला विषय बदलते.

परतीच्या आदल्या दिवशी मिसेस फेंटन पुन्हा कचेरीत आल्या. या वेळी बसल्या, चहाही घेतला.

"गव्हर्नरला पत्र लिहून आयझॅक निर्दोष आहे असं मी कळवतो," मी म्हटलं.

"ते मी कळवलंय. तुम्ही दुसरं पत्र लिहायचंय. आमच्या चर्चला. रविवारी सगळ्यांसमोर वाचायला."

मी बसून लिहिलं. 'काही कागदपत्रांवरून श्री. आयझॅक यांच्याबद्दल संशय निर्माण झाला होता.' त्यांनी वाचून कागद परत सरकवला.

"कोणी निर्माण केला?"

मी दुसरं लिहिलं. 'श्री. आयझॅक यांच्यावर संशय घेण्यात आला.'

"कोणी घेतला?"

तिसऱ्यांदा मी लिहिलं. 'मी, वसंत आठल्ये, याने आयझॅकवर संशय घेतला. मी त्याला भेटलो नव्हतो. मी त्याला विचारलं नाही. चोरी माझ्या कपाटातून झाली, माझ्या मित्राने केली, आणि प्रत मी दिली.' त्यांनी कागदाची घडी घातली आणि बॅगेत ठेवली. दारात म्हणाल्या, "हुकमावर सही माझी आहे. माझंही पत्र वाचलं जाईल."

दोन्ही पत्रं वाचली गेली, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. आयझॅक शेवटच्या बाकावर होता. वाचून झाल्यावर एक म्हातारी काठी टेकत उठली आणि जाऊन त्याच्याशेजारी बसली.

त्याला नोकरी परत देऊ केली, ती त्याने घेतली नाही. बंदरात मासेमारीच्या बोटी दुरुस्त करायला लागला. मयेकरने मुंबईला खरी परीक्षा दिली, दुसऱ्या खेपेला पास झाला. त्याचं जहाज सिंगापूरला लागलं की फोन करायचा, "साहेब, येऊन दाखला बघून जावा," आणि हसायचा. मी त्या खुर्चीत आणखी काही वर्षं काढली. पाकिटं आली की त्याच दिवशी उघडत होतो.

आयझॅकला मी वेगळं, खाजगी पत्रही लिहिलं होतं. माफी मागितली होती, आणि उत्तराची अपेक्षा नाही असंही लिहिलं होतं, जे खरं नव्हतं. पाच महिन्यांनी उत्तर आलं. इतकी वर्षं सरकारी पत्रं टाइप केलेला माणूस. वर तारीख, विषय, संदर्भ, सगळं जागच्या जागी. मजकूर एका ओळीचा:

'आपला माफीचा अर्ज मिळाला. विचार चालू आहे.'

ते पत्र मी जपून ठेवलं आहे. त्यानंतर त्याच्याकडून काही कळलेलं नाही.